मार्टिनचा अर्धा झगा

आज ११ नोव्हेंबर, फ्रान्समधल्या तूर शहराच्या संत मार्टिनचा सण. चौथ्या शतकातला हा रोमन शिपाई. आमियाँ शहराच्या वेशीवर भिकारी कुडकुडताना दिसला, तसा यानं तलवारीनं झगा फाडून अर्धा त्याला दिला, उरलेला अर्धा स्वतः पांघरला. बघणारे हसले म्हणे. तेव्हा त्याचा बाप्तिस्माही (ख्रिस्ती धर्माची दीक्षा) झाला नव्हता, हे मला जास्त भावतं.

नाशकात थंडी सुरू झालीच आहे. गोदाघाटावर ब्लँकेटं वाटायची तर रात्री दहानंतर जा; उघड्यावर खरंच कोण झोपतं ते तेव्हाच कळतं. दिवसा ज्याचा हात लांब त्याला तीन मिळतात आणि म्हातारी कोपऱ्यात तशीच. सोबत एक जाड चटई द्या, कारण बराचसा गारवा फरशीतूनच चढतो. झोपलेल्याला उठवू नका, हळूच पांघरा. आणि फोटो? अजिबात नको.