युगांडात हापसे दुरुस्त करायला येताय? मग हे वाचून या

माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या माणसाला युगांडातल्या खेड्यात एक गोष्ट लगेच ओळखू येते: हापसा. इथे त्याला यू-टू म्हणतात, पण आतून तो आपला इंडिया मार्क टूच. सोलापूरच्या पंपावरून सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारने तो घडवला. त्यामुळे साताऱ्या-सांगलीकडून सेवेला येणाऱ्यांनी शाळेच्या भिंती रंगवत बसू नये. ते काम गावातला रंगारी जास्त चांगलं करतो. नवी बोअर मारून आपल्या मंडळाचा फलक लावायचा मोहही आवरा. तेवढ्या पैशात आजूबाजूचे कितीतरी बंद हापसे चालू होतात.

निघण्याच्या किमान 10 दिवस आधी यलो फीव्हरची लस घ्यावी लागते. दाखल्याशिवाय इथे प्रवेश नाही, आणि परत गेल्यावर आपल्याकडच्या विमानतळावरही अडकवून ठेवतात. मलेरियासाठी डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली, तर घरी पोचल्यावरही 4 आठवडे चालू ठेवा. घरी आलो म्हणजे सुटलो, असं समजून गोळ्या सोडणारेच तापाने पडतात. मध्य आणि दक्षिण युगांडात मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर असे दोन पावसाळे असतात. तेव्हा कच्च्या रस्त्याने सामानाची गाडी नेणं म्हणजे डोक्याला ताप.

हापशापाशी पोचल्यावर लगेच पाना काढायचा नाही. आधी पाणी येईपर्यंत हापसा, अर्धा तास थांबा आणि पुन्हा हापसा. पाच दांड्यांत, म्हणजे दांडा पाच वेळा खाली-वर करून, पाणी आलं नाही, तर खालचा व्हॉल्व्ह गळतोय किंवा पाईपला भोक आहे. मग मिनिटात 40 दांडे मारून 20 लिटरच्या पिवळ्या कॅनमध्ये पाणी मोजा. चांगला पंप 12 ते 15 लिटर देतो. पाणी लगेच येतं पण कमी येतं, तर दोष वायसरचा, म्हणजे खाली सिलिंडरमध्ये पाणी वर ओढणाऱ्या वाटीसारख्या चकतीचा. दांडा एकदम हलका लागतो आणि थेंबही येत नाही, तर आत रॉड तुटलाय किंवा सुटलाय. सुरुवातीला जोरात येऊन मग पाणी आटत जात असेल, तर बोअरमध्येच पाणी नाही. पंप कितीही खोला, उपयोग शून्य.

वायसर पाहायचा तर मार्क टूमध्ये सगळी पाईप वर काढावीच लागते. 45 मीटरला 3 मीटरचे 15 तुकडे होतात. रॉड, सिलिंडर आणि आतलं पाणी धरून वजन सव्वादोनशे किलोच्या पुढे. खालची पाईप धरून ठेवणारा क्लॅम्प घट्ट बसल्याशिवाय वरचा तुकडा सोडायचा नाही. पाईप निसटून खाली गेली की आधीचा साधा दोष परवडला असं वाटतं. झिजलेल्या वायसरची कड पातळ होऊन आत वळलेली असते. नवा बसवताना त्याची ओठाची बाजू वर हवी. त्याआधी सिलिंडरच्या पितळी अस्तरावरून बोट फिरवा. वाळूने पडलेले उभे ओरखडे नखाला लागले, तर नुसता वायसर बदलून भागणार नाही. थोड्याच दिवसांत तोही झिजतो.

खरं दुखणं मात्र गंजाचं. पहाटेचे पहिले एक-दोन कॅन तांबडे आणि नंतर स्वच्छ, तर पाईप गंजतेय. दिवसभर तांबडं येत असेल, तर लोह जमिनीतलं. पाणी किती आम्लधर्मी आहे ते दाखवणारी पीएच पट्टी खिशातच ठेवा: आकडा साडेसहाच्या खाली असेल तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पाईप टिकत नाही, आधी आटे खातात आणि मग तुकडे गळून पडतात. म्हणून युगांडा सरकारने 2016 मध्ये हापशांना जीआय वापरायला मनाई केली. तरीही स्वस्त म्हणून ती बाजारात मिळते, आणि देणगीचे पैसे वाचवायला बाहेरून आलेली मंडळी हौसेने तीच घेतात. स्टेनलेस पाईपला जीआयचा सॉकेट (दोन तुकडे जोडणारा भाग) लावणं तर त्याहून वाईट. सॉकेट आधी जातो.

पंप बसवल्यावर बोअरमध्ये क्लोरीन टाकतात. 70 टक्के क्लोरीनची पावडर 30 ग्रॅम 10 लिटर पाण्यात कालवली की 0.2 टक्क्यांचं द्रावण होतं. बोअरमधल्या दर 100 लिटरला त्यातलं 1 लिटर लागतं. पाच इंची बोअरमध्ये मीटरला साधारण 12 लिटर पाणी धरा. वास येईपर्यंत हापसा, रात्रभर हापसा बांधून ठेवा, सकाळी वास जाईपर्यंत पाणी उपसून टाका. बांधायच्या आदल्या दिवशी बायांना सांगितलं नाही, तर पहाटे कॅनची रांग लागते आणि सगळ्यांचा खोळंबा होतो.

मिरजेहून बॅगा भरून फुकट पार्ट आणू नका. इथल्या दुकानदाराचा माल पडून राहिला की तो ठेवायचं बंद करतो, आणि पुढच्या वेळी वायसर कुठेच मिळत नाही. गावच्या पाणी समितीने घरटी वर्गणी काढून पार्ट घ्यावेत, तुम्ही हत्यारं द्या: पाईप पाने, क्लॅम्प, आटे पाडायचा डाय. तालुक्याच्या हापसा मेकॅनिकला मदतनीस म्हणून नव्हे, मिस्त्री म्हणून बोलवा आणि त्याची मजुरी समितीच्या हातून द्या. बोअरची खोली, पाण्याची पातळी, पाईपचे तुकडे, पीएच आणि बदललेले पार्ट समितीच्या वहीत आणि मेकॅनिकच्याही वहीत लिहा.