एकाच सुनावणीत दोन निकाल : कलम २२७ चा माझा अनुभव

तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाने आमचे दोन अर्ज फेटाळले. दोन्हींविरुद्ध आम्ही मुंबई उच्च न्यायालयात गेलो. एकाच सुनावणीत एक आदेश रद्द झाला, दुसरा तसाच राहिला. आदेश विरोधात गेला की ‘वर जाऊ’ असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं, म्हणून हा फरक का पडला ते सविस्तर लिहिते आहे.

दावा शेतजमिनीचा. शेजाऱ्यांनी बांध सरकवून आमच्या गटात अतिक्रमण केलं, ही बाबांची तक्रार. पहिला अर्ज होता सरकारी मोजणीसाठी कोर्ट कमिशनर, म्हणजे जागेवर पाहणी करून न्यायालयाला अहवाल देणारा माणूस, नेमण्याचा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली. त्यावर आदेश झाला की वादीचा पुरावा संपेपर्यंत कमिशनर नेमण्याचा अधिकारच न्यायालयाला नाही. दुसरा अर्ज उशिरा हाती आलेले जुने कागद दाखल करून घेण्याचा. तो फेटाळताना मात्र न्यायाधीशांनी कारणं दिली होती: कागद आधी मिळवता आले असते, उशिराचा खुलासा पुरेसा नाही, बाबांचा उलटतपासही सुरू झालेला आहे.

असल्या आदेशांवर अपील नसतं. त्याच संहितेच्या कलम ११५ खालच्या रिव्हिजनची, म्हणजे उच्च न्यायालयाकडून आदेशाच्या फेरतपासणीची, वाट २००२ च्या दुरुस्तीनंतर फारच अरुंद झाली आहे; अर्ज मंजूर झाला असता तर दावाच निकाली निघाला असता, अशाच ठिकाणी ती चालते. म्हणून उरतं ते संविधानाचं कलम २२७, म्हणजे खालच्या न्यायालयांवर देखरेख ठेवण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार.

आमच्या वकील मॅडमनी फी सांगण्याआधी बाबांना स्पष्ट बजावलं, “काका, मोजणीचं होईल असं वाटतं. कागदांचं अवघड आहे.” बाबांना ते पटेना. दोन्ही आदेश चुकीचे, मग एकच कसा दुरुस्त होणार? मॅडमनी वर्यम सिंग खटल्याचा १९५४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समजावून सांगितला. देखरेख ही खालच्या न्यायालयाला त्याच्या अधिकाराच्या हद्दीत ठेवण्यासाठी असते, नुसत्या चुका सुधारण्यासाठी नाही. आदेश चूक की बरोबर, हा पहिला प्रश्नच नव्हे. न्यायालयाने हद्द ओलांडली का, असलेला अधिकार वापरायला नकार दिला का, कुठलाही विवेकी न्यायाधीश काढणार नाही असा निष्कर्ष काढला का, हे पाहिलं जातं. शालिनी शेट्टी खटल्यात २०१० साली तेच पुन्हा ठासून सांगितलं गेलं. तोही वाद मुंबईतलाच होता. खासगी दिवाणी भांडणं रिट (उच्च न्यायालयाने संविधानाच्या अधिकारात काढायचा खास आदेश) म्हणून सर्रास उच्च न्यायालयात आणण्यावर त्यात नाराजी आहे. तरीही आपल्याकडे कलम २२७ च्या याचिकेवर ‘रिट पिटिशन’ असाच शिक्का बसतो.

तयारीतल्या दोन गोष्टी सांगण्याजोग्या. आदेशाच्या प्रमाणित नकलेबरोबर अर्ज, त्यावरचं प्रतिवादीचं म्हणणं आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं याची न्यायालयाची नोंद) हेही लागतात. उच्च न्यायालय याच कागदांवरून पाहतं. आणि याचिका दाखल झाली म्हणून खालचा दावा थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि ती मिळेपर्यंत प्रत्येक तारखेला हजर राहावंच लागतं.

सुनावणीत मोजणीचा मुद्दा लवकर आटोपला. नियम ९ मध्ये पुरावा संपण्याची अट कुठे लिहिली आहे, असं न्यायमूर्तींनी प्रतिवादीच्या वकिलांना विचारलं. तशी अट नाहीच. हातातला अधिकार नाही असं मानून न्यायालय थांबलं होतं, म्हणून तो आदेश रद्द झाला. पण कमिशनर उच्च न्यायालयाने नेमला नाही. अर्ज नव्याने, गुणदोषांवर ऐकावा एवढंच सांगून तो परत पाठवला.

कागदांवर मॅडमनी बराच वेळ युक्तिवाद केला. न्यायमूर्तींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, त्या खुर्चीत मी असतो तर कदाचित परवानगी दिली असती. पण तेवढ्यासाठी मला त्यांचा आदेश फिरवता येत नाही. खालच्या न्यायाधीशांनी अर्ज वाचला होता, विचार केला होता, कारणं लिहिली होती. दोन मतं शक्य असताना त्यांचं मत बदलायचं, तर ते अपीलच झालं असतं.

बाहेर आल्यावर बाबा चिडले होते. मला मात्र तो नकार योग्य वाटला, आजही वाटतो. प्रत्येक अंतरिम आदेश वर नेऊन बदलता आला, तर ज्याच्याकडे पैसा जास्त तो तालुक्यातला दावा पिढ्यान्‌पिढ्या लांबवेल. आमच्या प्रतिवादींना तेच हवं होतं. आणि साक्षीदार समोर बसवून ऐकणाऱ्या न्यायाधीशाला स्वतःच्या निर्णयाची जबाबदारी घेता आली पाहिजे.

कागदांचा प्रश्न कायमचा मिटला असंही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०५ प्रमाणे, दाव्याचा निकाल विरोधात गेला तर त्या अपिलात हा आदेशही चुकीचा म्हणून मांडता येतो. मॅडमनी तो मुद्दा फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. मोजणीचा अर्ज तालुक्यात पुन्हा ऐकला गेला, या वेळी मंजूर झाला, भूमी अभिलेखच्या माणसांनी हद्दी मोजून नकाशा दिला. आता त्या नकाशावर मोजणीदाराचा उलटतपास व्हायचा आहे.