व्हॉल्यूमची खरखर आणि क्लीनरची निवड

जुना अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा वापरात काढला तेव्हा व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की स्पीकरमधून खरखर यायची. शिवाय रिमोटमध्ये सेल गळून स्प्रिंगवर पांढरा थर बसला होता. स्प्रे विकत घेण्याआधी मी दोन गोष्टी पाहिल्या: मळ कसला आहे आणि तो कशावर बसलाय.

रिमोटचं काम झटपट झालं. अल्कलाइन सेलमधून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणून हातमोजे घालून इअरबडने पांढरं व्हिनेगर लावलं आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं.

व्हॉल्यूमसाठी मात्र विचार करावा लागला. आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावरून धातूचा हात सरकतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल मळ काढून उडून जातं, मागे काही ठेवत नाही, पण आतलं वंगणही धुऊन नेतं आणि बटण कोरडं फिरायला लागतं. गंज सोडवायचे नेहमीचे स्प्रे मागे तेलकट थर ठेवतात, त्यावर धूळ चिकटते. ब्रेक क्लीनर तर प्लास्टिकच्या जवळही नको. पॉलिकार्बोनेट आणि पॉलिस्टायरीनला त्याने तडे जातात. मी घेतला तो हलकं वंगण असलेला, डब्यावर ‘प्लास्टिकसाठी सुरक्षित’ लिहिलेला कॉन्टॅक्ट क्लीनर, म्हणजे विजेचे जोड साफ करायचा स्प्रे.

प्लग काढला, तरी मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, चार्ज राहतो. मल्टिमीटरने तो उतरल्याची खात्री केली, मगच हात घातला. व्हॉल्यूम कंट्रोलच्या टर्मिनलजवळच्या फटीत नळी धरून अगदी थोडा फवारा मारला आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फिरवलं. माझ्या मते निम्मी सफाई या फिरवण्यानेच होते. बहुतेक क्लीनर ज्वलनशील असतात, त्यामुळे सगळं नीट वाळेपर्यंत वीज जोडली नाही.

मागच्या सोनेरी सॉकेटना पॉलिश पेपर लावला नाही. सोन्याचा मुलामा अनेकदा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, एकदा घासला की गेलाच. तिथे नुसतं अल्कोहोल पुरलं.

व्हॉल्यूम स्वच्छ झाला, बॅलन्सच्या (डाव्या-उजव्या स्पीकरचा आवाज जुळवायच्या) बटणाची खरखर मात्र गेली नाही. पुन्हा स्प्रे न मारता तिथे डीसी व्होल्टेज मोजलं आणि ते सापडलं. सर्किटमध्ये त्याच्या आधी असलेला कपलिंग कपॅसिटर, म्हणजे डीसी अडवून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा भाग, डीसी पुढे जाऊ देत होता. तो बदलल्यावर तीही खरखर थांबली.