दोन मार्कांची बेरीज

"बाई, तुम्ही विज्ञान शिकवता आणि पोरांना गेम खेळायला सांगता?" परळच्या माझ्या क्लासात नाव घालायला आलेले पालक हे विचारतातच. आजवर हसून वेळ मारून नेली. विचारताच आहात, तर ऐका.

सरसकट सगळे गेम नाहीत हो. निर्वात पोकळीत यान फुटतं आणि दणदणीत आवाज येतो, असल्या गेमची वकिली मी करत नाही. मी सांगते तो 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम', स्वतः रॉकेट बांधून अंतराळात उडवायचा गेम. (मोबाइलवर चालत नाही, त्यामुळे त्या नावाखाली मोबाइल घेऊन देऊ नका.)

2023चा जुलै. चांद्रयान-3 नुकतंच निघालं होतं, म्हणून दहावीच्या चाचणीत मी प्रश्न घातला: अंतराळस्थानकात माणसं तरंगतात का? मला हवं असलेलं उत्तर, तिथे गुरुत्वाकर्षण नसतं. पंधरा वर्षं हेच सांगत आले होते. एका मुलानं लिहिलं, "ती पडतच असतात. स्थानकही पडत असतं." मी लाल फुली मारली. तेवढ्यावर थांबले नाही, उत्तर वर्गात मोठ्यानं वाचलं. "मग अजून आपल्या डोक्यावर कसं नाही आपटलं रे?" वर्ग खिदळला. तो म्हणाला, "आडवा वेग असतो ना बाई. जमीन वळत जाते, ते चुकत जातं. गेममध्ये करून बघितलंय." मी म्हटलं, "गेममधलं गेममध्येच ठेव."

रात्री भांडी घासताना ते 'चुकत जातं' डोक्यातून जाईना. हात पुसून त्याच्याच पेपरच्या पाठीवर आकडे मांडले. पृथ्वीची त्रिज्या 6400 किलोमीटर, स्थानक आणखी 400 वर. 6400 भागिले 6800, त्याचा वर्ग. 0.89 आलं. म्हणजे तिथेही जवळजवळ नव्वद टक्के गुरुत्वाकर्षण. सूत्र दहावीच्या पहिल्याच धड्यातलं, दरवर्षी मीच फळ्यावर लिहिते.

दुसऱ्या दिवशी गुपचूप मार्क वाढवून पेपर परत दिला. सुटताना तो टेबलाशी आला. "बाई, दोन मार्क जास्त आलेत."

"बेरीज चुकली होती," मी म्हटलं.

वर्गातली बाकीची पोरं अजूनही माझंच उत्तर घेऊन फिरत असतील.

म्हणजे हे सगळं प्रायश्चित्त? असेलही. पण त्याच जुलैत 'हे चांद्रयान सरळ का जात नाही, घिरट्या काय घालतंय' असं अख्खी चाळ विचारत होती, तेव्हा यान पृथ्वीजवळ आलं की इंजिन पेटवायचं, म्हणजे कक्षेचं लांबचं टोक आणखी लांब जातं, हे जिन्यात उभं राहून त्याच मुलानं समजावलं.

तेव्हापासून मी गेमचे गोडवे गात सुटले, तेही जरा अतीच. त्या गेममधली पृथ्वी 600 किलोमीटर त्रिज्येची, तरी गुरुत्वाकर्षण आपल्याइतकंच. घनता दहापट हवी, असा खडक आणणार कुठून? शिवाय यानावर एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्वाकर्षण मोजतात. सप्टेंबरात आदित्य-एल1 हे यान एल1 बिंदूकडे, म्हणजे सूर्य आणि पृथ्वी या दोघांच्या ओढीमुळे यान टिकून राहतं अशा जागेकडे, निघालं तेव्हा हाच मुलगा ठामपणे म्हणाला, "बाई, असा बिंदू नसतोच. सूर्य आणि पृथ्वीच्या मध्ये यान टिकणारच नाही, मी ठेवून बघितलंय."

या वेळी मी हसले नाही. फळ्याकडे गेले, दोन्हींची ओढ काढून दाखवली. त्यानं वहीत उतरवून घेतलं. पटलं का, विचारलं, तर म्हणाला, "घरी जाऊन बघतो."