शमुवेल की सॅम्युएल: ऑनलाइन पदवीच्या प्रवेशाचा माझा अनुभव

प्रवेश मिळून वर्ष उलटलं, दोन सत्रांच्या परीक्षा झाल्या, तरी कुणी "नाव जुळत नाही" म्हटलं की माझं डोकं अजून फिरतं. आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, बारावीची मुलं रविवारी उपासना सुटली की मला गाठतात. "ताई, ऑनलाइन करू की कॉलेजला जाऊ?" उभ्याउभ्या प्रत्येकाला तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून काढते.

आम्ही कळव्याला राहतो, खारेगावच्या बाजूला. मूळचे नगर जिल्ह्यातले, पणजोबांच्या पिढीपासून ख्रिस्ती. २०२४ ला मी बारावी कॉमर्स झाले. मुंबईतल्या एका ख्रिस्ती अल्पसंख्याक कॉलेजात माझं जमत होतं. अशा कॉलेजांत निम्म्यापर्यंत जागा आपल्या समाजाच्या मुलांसाठी असतात, त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. चर्चच्या पाळकसाहेबांनी तो एका संध्याकाळी काढून दिला. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच. मग जूनमध्ये पप्पांचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. ऐरोलीत एका कंपनीच्या बॅक ऑफिसात नोकरी मिळाली, दुपारी २ ते रात्री ११. कॉलेज सुटलं. सकाळी पप्पांना दवाखान्यात पोचवायचं, कळव्याहून ठाणे, ठाण्याहून वाशीची गाडी, ऐरोली. या सगळ्यात पदवी बसवायची तर ऑनलाइनशिवाय इलाज नव्हता.

म्हणजे मी हा निर्णय श्रद्धेच्या कारणानं घेतला नाही. पण मंडळीनं तो तसाच धरला. तरुण संघाच्या बैठकीत एक काका उठून म्हणाले, "हे बरं झालं. पोरगी घरात राहील, मंडळीत राहील. कॉलेजची हवा लागायला नको." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, खोटं कशाला बोलू. नंतर घरी जाताना राग आला. माझी आजी नगरला मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकली. अमेरिकन मराठी मिशनचं तिथलं काम १८३१ पासूनचं. आपल्या चार पिढ्या घर सोडून शाळेत गेल्या म्हणून उभ्या राहिल्या, आणि आता हवा लागेल म्हणे.

माझा आतेभाऊ पुण्यात हॉस्टेलला आहे. त्याच्या कॉलेजात सहा-सात ख्रिस्ती मुलं दर बुधवारी एका खोलीत जमतात, शास्त्र म्हणजे बायबल वाचतात, गिटारवर गातात. कॅथलिक मुलांची ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन तर १९२४ पासून कॉलेजांमध्ये आहे. आणि घरात राहून सुरक्षित असलेल्या माझा पहिल्या सत्राचा एक पेपर आला रविवारी सकाळी १० वाजता. बरोबर उपासनेच्या वेळेला! ज्यांना दूरस्थ पद्धतीनं करायचंय त्यांनीही लक्षात घ्या, अभ्यासकेंद्रांवरचे वर्ग बहुधा शनिवार-रविवारीच असतात, कारण शिकणारे नोकरीवाले असतात. संडे स्कूल घेणाऱ्यांनी आधी वेळापत्रक मागावं. त्या काकांना मी हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आता मुख्य दुखणं.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२४-२५ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी डेब आयडी, म्हणजे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक, सक्तीचा केला. तो काढायला आधी एबीसी आयडी लागतो, म्हणजे अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या विद्यार्थ्यांच्या श्रेयांकांच्या सरकारी खात्याचा बारा अंकी नंबर. तो निघतो डिजिलॉकरवरून, आणि डिजिलॉकर उघडतं आधारवर. म्हणजे सगळ्याच्या बुडाशी आधार. मी एका रात्री अर्ध्या तासात दोन्ही आयडी काढले, विद्यापीठाचा फॉर्म भरला आणि स्वतःवर खूश होऊन झोपले. पाच दिवसांनी फॉर्म परत. कारण एका ओळीत: नाव जुळत नाही.

माझं नाव बरोबर होतं. आडनाव बरोबर होतं. घोळ मधल्या नावात, पप्पांच्या. पप्पांचं नाव शमुवेल. आजोबांनी शास्त्रातून ठेवलेलं, मराठी शास्त्रात आहे तसंच. शाळेच्या रजिस्टरला तेच, म्हणून दहावी-बारावीच्या मार्कशीटवर एस-एच-ए-एम-यू-व्ही-ई-एल. पण मी लहान असताना शाळेत आधारचा कॅम्प लागला होता. तिथल्या ऑपरेटरला शमुवेल नाव ठाऊक नसावं, सॅम्युएल ठाऊक असावं. त्यानं आपल्या मनानं दुरुस्ती केली. आधारवर इंग्रजीत एस-ए-एम-यू-ई-एल आणि मराठीत 'सॅम्युएल'. इतकी वर्षं कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण घरात कुणाला तो फरक वाटतच नाही. आपल्यात असं सर्रास आहे. योहान-जॉन, पेत्र-पीटर, याकोब-जेकब, शलमोन-सॉलोमन. आपल्याला दोन्ही एकच. खिडकीपलीकडच्या माणसाला ती दोन माणसं वाटतात.

पप्पांची स्वतःची सगळी कागदपत्रं शमुवेल नावाची, म्हणून आधार बदलायचं ठरलं. मार्कशीट बदलणं याहून लांबचं काम आहे, शाळेपासून सुरू होऊन वाशीच्या विभागीय मंडळापर्यंत जातं. कुणी सुचवलं तर आधी दोनदा विचार करा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे ऑपरेटर टाइप करतो तेव्हा स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा आणि अक्षर न् अक्षर वाचा. लाज बाळगू नका. तेव्हा ५० रुपये लागले, आता ७५ लागतात.

सोमवारी सकाळी ठाण्यातल्या एका केंद्रावर टोकन घेतलं, क्रमांक ६१. दीड तासानं नंबर आला. बारावीची मार्कशीट दिली. "यावर फोटो नाही." शाळा सोडल्याचा दाखला दिला. "यावरही नाही." पासपोर्ट? नाही. पॅन? पॅन होतं की! पण ते मी नोकरी लागताना आधारवरूनच दहा मिनिटांत काढलेलं. त्यावर सॅम्युएल. मतदार यादीचा फॉर्म भरला होता तोही आधार बघून. बँकेतही सॅम्युएल. शमुवेल नावाचा, फोटो असलेला एकही कागद माझ्याकडे नव्हता.

ऑपरेटर तसा बरा माणूस होता. त्यानं एक छापील नमुना दिला. त्यावर आपला फोटो चिकटवायचा, नाव-पत्ता भरायचा आणि सही-शिक्का आणायचा राजपत्रित अधिकाऱ्याचा, नाहीतर खासदार, आमदार, नगरसेवक, तहसीलदार किंवा शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाचा. मी म्हटलं, हे तर सोपं आहे. नगरसेवक!

ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. पालिकेवर प्रशासक. गल्लीच्या तोंडाशी वाढदिवसाच्या शुभेच्छांचे एवढे फलक, पण ज्यांचे फोटो होते ते सगळे माजी. एकानं प्रेमानं सहीही देऊ केली, शिक्का अजून होता म्हणे. मी नमस्कार करून निघाले.

मग आमदारांचं कार्यालय. कुठलं ते सांगत नाही. तिथल्या मुलानं तत्परतेनं पत्र दिलं, पण लेटरहेडवर, त्यांच्या नेहमीच्या मजकुराचं. नमुन्यावर सही हवी म्हटलं तर म्हणाला, "मॅडम, हेच चालतं, आम्ही रोज देतो." केंद्रावर चाललं नाही. नोकरीवर अर्धा दिवस खाडा.

ज्या ज्युनिअर कॉलेजात बारावी केली तिथे गेले. प्राचार्य म्हणाल्या, "तू आता आमची विद्यार्थिनी नाहीस, मी कशी देऊ?" नियमानं बरोबरच होतं. मग जिथे प्रवेश घेत होते त्या विद्यापीठाला विचारलं. तिथे विचारायचं म्हणजे तक्रार नोंदवायची. नोंदवली. दोन दिवसांनी संदेश आला, आपली समस्या सोडवण्यात आली आहे. पुन्हा नोंदवली. पुन्हा सोडवण्यात आली. फोन लावला तर गाणं वाजायचं, मग कुणीतरी विचारायचं, "आधार आणि मार्कशीटवरचं नाव जुळतंय ना?" अहो, तेच तर!

ऑनलाइन आणि कॉलेज यातला खरा फरक मला त्या आठवड्यात कळला. कॉलेजात कारकून खेकसतो, जेवायला जातो, पण तो असतो. त्याच्यासमोर उभं राहता येतं, रडता येतं, उद्या पुन्हा येते म्हणता येतं. माझ्या मैत्रिणीच्या नावात असाच घोळ होता. तिच्या कॉलेजातल्या बाईंनी तिच्याकडून हमीपत्र लिहून घेतलं आणि प्रवेश देऊन टाकला, कागद दिवाळीनंतर आण म्हणाल्या. मला असं कोण म्हणणार होतं?

पाळकसाहेबांनीही आपल्या परीनं केलं. मंडळीच्या लेटरहेडवर इंग्रजीत पत्र, सोबत बाप्तिस्म्याच्या रजिस्टरचा उतारा, गोल शिक्का. ऑपरेटरनं पूर्ण वाचलं आणि म्हणाला, "यात सगळं बरोबर आहे. पण हे यादीत नाही." एव्हाना तो मला नावानं ओळखायला लागला होता. शमुवेलसकट.

प्रवेशाची मुदत वाढली म्हणून वाचले, नाहीतर वर्ष गेलंच होतं.

सुटका झाली ती रविवारी. उपासनेनंतर नाताळच्या गाण्यांचा सराव होता, पहिलाच. मी कीबोर्डवर. चहाला थांबलो तेव्हा एका मावशींना मी माझं रडगाणं सांगत होते. त्या म्हणाल्या, "राजपत्रित म्हणजे गट ब चालतो का गं? हे आहेत की." हे म्हणजे आमच्या गायकवर्गातले काका. चार वर्षं ते माझ्या डाव्या हाताला उभे राहून खालचा सूर गातात. सरकारी नोकरीत आहेत एवढं माहीत होतं, कुठल्या हुद्द्यावर ते कधी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "मला विचारायचं नाही का? उद्या दहाला कचेरीत ये. दोन फोटो आण, एक बिघडतो." खरंच एक बिघडला. सही अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर यावी लागते, शिक्काही तसाच. तो कागद सहीच्या तारखेपासून तीनच महिने चालतो, आधीच करून ठेवू नका.

आधार नऊ दिवसांत बदललं. डिजिलॉकरमध्ये नवं नाव उतरायला आणखी चार दिवस. रोज रात्री अकराच्या गाडीत मी तेच उघडून बघायचे. एका रात्री दिघा गावच्या आसपास 'शमुवेल' दिसलं आणि मी शेजारच्या अनोळखी बाईला फोन दाखवला. तिला काही कळलं नाही, पण हसली बिचारी. फॉर्म दुसऱ्या दिवशी गेला, आठवड्यात प्रवेश पक्का.

हो, एक राहिलं. माझ्या मावसबहिणीला नौपाड्यातल्या एका क्लासवाल्यानं ऑनलाइन बी.एस्सी. नर्सिंगचं गाजर दाखवलं होतं, पहिला हप्ता भरणारच होती. नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, इंजिनीअरिंग, कायदा, यांच्या पदव्या ऑनलाइन किंवा दूरस्थ घेताच येत नाहीत, आयोगानं बंदी घातली आहे. आपल्याकडे घरटी एक पोरगी नर्सिंगला जाते, म्हणून मुद्दाम सांगते. मान्यता विद्यापीठाच्या नावाला सरसकट नसते, एकेका अभ्यासक्रमाला असते, आणि ती यादी आयोगाच्या संकेतस्थळावर बघता येते. 'आम्ही सगळं करून देतो' म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका, फी थेट विद्यापीठाला भरा.

आणि ज्यांच्या घरी "ऑनलाइनची डिग्री कोण विचारतो" म्हणतात त्यांना सांगा, मान्यता असलेली ऑनलाइन आणि दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असं आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. माझ्या कंपनीनं ती मान्य केली, बढतीच्या अर्जात लिहिलीही.

तरी कुणी विचारलं तर मी काय सांगते? घरची परिस्थिती माझ्यासारखी नसेल तर कॉलेजला जा. वर्गात बसा, कँटीनमध्ये भांडा, एखादा नास्तिक मित्र करा. मला अजून बॅचमधल्या एकाही मुलीचा चेहरा माहीत नाही. सव्वादोनशे जणांचा ग्रुप आहे, त्यावर फक्त 'हॉल तिकीट आलं का' एवढंच चालतं.

परवा धाकट्या भावाचं आधार काढून बघितलं. त्यावर तिसरंच स्पेलिंग आहे, ना शमुवेल ना सॅम्युएल, आणि जन्मदाखल्यावर तर अजून 'बेबी बॉय'च आहे. त्याची दहावी दोन वर्षांवर. पण गायकवर्गातले काका मार्चमध्ये निवृत्त होतायत, म्हणून फोटो आत्ताच काढून ठेवलेत. तीन, एक जास्तीचा.