जुन्या जीपच्या मागच्या चाकांना डिस्क बसवताना

आबांनी 1979 साली घेतलेली महिंद्राची सीजे-थ्री-बी अजून आमच्या दारात उभी आहे. उंच बॉनेटची, मागे ताडपत्री असलेली. मूळ गाडीला चारही चाकांना नऊ इंची ड्रम ब्रेक, म्हणजे फिरत्या डब्याला आतून घासणारे. पुढच्या दोन चाकांना मी तीन वर्षांपूर्वीच डिस्क ब्रेक, म्हणजे उघड्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटणारे, बसवले होते. पेडलचा दाब ऑइलमधून चाकांकडे ढकलणाऱ्या जुन्या मास्टर सिलेंडरवर चारही चाकं एकाच लाईनवर होती, कुठेही नळी फुटली की सगळे ब्रेक जायचे. म्हणून त्याच वेळी पुढचं आणि मागचं ऑइल वेगळं ठेवणारा दुहेरी मास्टर सिलेंडर घातला. मागचे ड्रम मात्र तसेच राहिले. सगळे म्हणायचे, ब्रेकचा भार पुढच्या चाकांवर येतो, मागे ड्रम पुरतात. डांबरी रस्त्यावर ते खरंही आहे.

गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याजवळ एका शेतवाटेचा चढ चढताना चाकं लाल चिखलात जागच्या जागी फिरायला लागली. असल्या वेळी रिव्हर्स टाकून सरळ मागे उतरायचं असतं. तसं उतरताना मागची चाकं खालच्या अंगाला येतात आणि गाडीचं वजन त्यांच्यावर जातं. दहाच मिनिटांपूर्वी ओढा ओलांडला होता, त्यामुळे ड्रममध्ये पाणी आणि गाळ. पेडल दाबलं, पायाला टणक लागलं, पण गाडी थांबेना. इंजिनाच्या जोरावरच ती कशीबशी खाली आली. शेजारी माझी मुलगी बसली होती. ती काही बोलली नाही, पण डॅशबोर्डचा कडा तिने दोन्ही हातांनी धरला होता. घरी पोहोचेपर्यंत माझं ठरलं होतं.

या जीपचा मागचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, एक्सलच्या निमुळत्या टोकावर चावीसकट घट्ट बसलेला असतो. पुलरशिवाय, म्हणजे ओढून काढायच्या हत्याराशिवाय, तो हलत नाही. पुलर लावतानाही मधला नट पूर्ण काढायचा नाही, दोन आटे सैल करून तसाच ठेवायचा. हब हळूहळू निघत नाही, एकदम सुटून अंगावर येतो. उजवा अर्ध्या तासात निघाला. डावा पुलर आवळून, डिझेल सोडून रात्रभर ठेवला आणि पहाटे अंगणात बंदुकीसारखा आवाज झाला. आत बघतो तर ऑइल सील गेलेलं, एक्सलमधलं नव्वद नंबरचं तेल लायनरवर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांवर, पसरलेलं. नुसतं ड्रमला दोष देण्यात अर्थ नव्हता, पण आता मागे फिरायचं नव्हतं. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती भुकटी कधीही हवेने उडवू नका. मी पाणी मारून, ओल्या फडक्याने पुसून काढली.

हँडब्रेकची चिंता नव्हती, हे या गाडीचं भाग्य. तिचा हँडब्रेक चाकांत नसून पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. ज्यांच्या गाडीत हँडब्रेकची केबल मागच्या ड्रममध्येच जाते, त्यांनी आधी त्याची सोय बघावी आणि मगच ड्रमला हात लावावा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवणारे एक मामा आहेत, आबांच्या वेळेपासूनचे. हबमधून ड्रम वेगळा करणं, हबचा कडा डिस्कच्या मापाला उतरवणं आणि डिस्कला पॅडने चिमटणाऱ्या कॅलिपरसाठी दहा मिलिमीटर प्लेटचे ब्रॅकेट कापणं ही कामं त्यांनी केली. डावीकडच्या चाकाचे उलट्या आट्यांचे बोल्टही बदलून टाकले. उलट आटे माहीत नसलेल्या कुणीतरी नट चुकीच्या बाजूला आवळून त्यातले दोन आधीच मोडले होते.

ड्रमच्या मागच्या पत्र्याच्या, म्हणजे जुन्या बॅकिंग प्लेटच्या, मागे कागदासारखे पातळ शिम असतात, एक्सलची लांबीतली ढिलाई त्यांच्यावर ठरते. ब्रॅकेटची जाडी बदलली की ते माप बिघडतं. मामांनी डायल गेज लावून एकेक शिम घालत-काढत दुपार घालवली. ‘‘हितं घाई केली तर बेअरिंग खाशीला,’’ एवढंच बोलले.

गाडी जोडली, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, मुलगी पेडलवर, मी गाडीखाली. ‘‘दाब. धर. सोड.’’ कॅलिपरची हवा काढायची निपल वरच्या बाजूलाच आली पाहिजे, हे मात्र बसवतानाच पाहून घ्यावं. खाली आली तर कितीही ऑइल सोडलं तरी हवा आतच राहते.

पहिल्या फेरीला पाच किलोमीटरवरच वास आला. खाली उतरून डिस्कवर पाण्याचे चार थेंब टाकले, तर चर्र करून उडाले. पाय पेडलवर नसतानाही पॅड घासत होते. कॅलिपर उघडला, पिन साफ केल्या, पुन्हा तेच. दोन दिवस गेले. शेवटी मामांनी मास्टर सिलेंडरच्या मागच्या चाकांकडे जाणाऱ्या तोंडातली पितळी सीट ओढून काढली. तिच्यामागून चिंचोक्याएवढा रबरी व्हॉल्व्ह बाहेर आला. ड्रमच्या ब्रेकमध्ये तो लागतोच. ड्रममधल्या व्हील सिलेंडरच्या रबरी वाट्या भिंतीला चिकटून राहाव्यात म्हणून तो नळीत सुमारे दहा पाउंड दाब धरून ठेवतो आणि ड्रममधल्या जोरकस स्प्रिंगा तो दाब सहज पेलतात. डिस्कला तशी स्प्रिंगच नसते. पिस्टनभोवतीचं सील किंचित पिळवटतं आणि सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं, बस्स. दहा पाउंडांपुढे त्याचं काय चालणार?

व्हॉल्व्ह काढला, चाकं मोकळी फिरू लागली. पण रात्रभर उभी राहिलेल्या गाडीचं पेडल सकाळी पहिल्या दाबाला अर्ध्यावर जायचं, दुसऱ्याला वर यायचं. मला वाटलं, एक्सल ढिला राहिला आणि डिस्क हलून पॅड मागे ढकलले जातात. मामा म्हणाले, तसं असतं तर वळणावरनं आल्यावर झालं असतं, उभ्या गाडीला होतंय म्हणजे ऑइल उतरतंय. बरोबर होतं. या जीपचा मास्टर सिलेंडर बोनेटखाली नसतो, पायाखाली चेसिसला असतो. कॅलिपर त्याच्याहून किंचित वर बसले होते, त्यामुळे ऑइल हळूहळू मागे सरकत होतं. त्यावर उपाय नळीत फक्त दोन पाउंड दाब धरणारा व्हॉल्व्ह. तो अमेरिकेत असलेल्या भाच्याने दिवाळीला येताना आणला. नळीत बसवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेडल पहिल्याच दाबाला हाताच्या मुठीसारखं घट्ट. मी ते पाच-सहा वेळा दाबून बघितलं.

मागच्या नळीवर दाब कमी-जास्त करायचा व्हॉल्व्हही घातला आहे. मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम झाली तर गाडी गिरकी घेते. त्यामुळे मोकळ्या ओल्या माळावर कमी वेगात जोरात ब्रेक मारत, पुढची चाकं आधी घासेपर्यंत स्क्रू फिरवला. ही चाचणी रस्त्यावर करू नका, अगदी रिकाम्या रस्त्यावरसुद्धा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा त्याच चढावर गेलो. ओढा तोच, चिखल तोच. मुद्दाम अर्ध्यावर थांबलो, रिव्हर्स टाकला आणि उतारावर मधोमध ब्रेक दाबला. गाडी जागेवर थांबली. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, अजून एकदा.’’ आम्ही तीनदा केलं.

जुने दोन्ही ड्रम घासूनपुसून ठेवले होते. राधानगरीकडच्या एका मित्राची जीप त्यांच्यावाचून अडली होती, परवा तो घेऊन गेला.