चिकटखोर हत्यारं

मराठवाड्यात एप्रिल लागला की घरोघरी कूलर उघडले जातात, आणि पंपाचा एखादा बारका स्क्रू हमखास खालच्या टाकीत पडतो. अशा वेळी चुंबक चढलेला पेचकस देवासारखा धावून येतो. स्क्रू पितळेचा निघाला तर मात्र देवाचाही इलाज नाही.

पण पेचकसाचं हे कौतुक टॅपला, म्हणजे भोकात आटे पाडायच्या हत्याराला, लागू होत नाही. आटे पाडताना लोखंडाचा कीस टॅपच्या खाचांत चिकटून राहतो, टॅप जाम होतो आणि जोर लावला की कट्‌कन मोडतो. कानशीच्या दातांत बुकणी अडकली की पुढच्या प्रत्येक हाताला जॉबवर, म्हणजे घासायच्या वस्तूवर, ओरखडा उठतो. ड्रिलच्या बिटाचंही तेच. म्हणून चुंबक पेचकसाला असावं, बाकी हत्यारं कोरडी बरी. दोष बऱ्याचदा भिंतीवरच्या चुंबकी पट्टीचा असतो. तिच्यावर सगळीच हत्यारं लटकवली की सगळीच चिकटखोर होतात.

चुंबक चढवायला फारसं काही लागत नाही. भंगारातल्या जुन्या स्पीकरचं चुंबक घ्यायचं, त्याची एकच बाजू दांड्यावर टेकवून मुठीकडून टोकाकडे ओढायची, टोकाला उचलायची आणि हवेतून लांबचा वळसा घेऊन परत मुठीपाशी आणायची. असं पंधरा-वीस वेळा. मागेपुढे घासलं तर जाताना चढलेलं येताना उतरतं. पेचकसाचं कडक पोलाद चुंबक धरून ठेवतं, साध्या खिळ्यावर मात्र ते फार टिकत नाही.

उतरवणं जरा नजाकतीचं काम. त्याला एसी करंटची, म्हणजे दिशा सतत पालटणाऱ्या विजेची, कॉइल लागते. घरी सगळ्यात सोयीची म्हणजे ट्रान्सफॉर्मरवाली सोल्डरिंग गन. तिच्या तारेच्या फाश्यात बारीक पेचकस किंवा चिमटा घालायचा (तार तापते, तिला टेकू द्यायचा नाही), घोडा दाबायचा आणि दाबलेलाच ठेवून हत्यार सावकाश, एका चालीनं हातभर लांब न्यायचं. मगच घोडा सोडायचा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे चुंबकाची दिशा सेकंदाला १०० वेळा पालटते. हत्यार लांब जाईल तसा प्रत्येक पालटाचा जोर आधीपेक्षा कमी पडतो, आणि शेवटी पोलादात कुठल्याच बाजूची ओढ उरत नाही. हत्यार आत असतानाच घोडा सुटला तर त्या क्षणाची दिशा तशीच गोठते. नेमकी तेव्हाच लाईट गेली तरी तेच, आणि आपल्याकडे लाईटचा काय नेम! परत आल्यावर पहिल्यापासून करायचं.

जाड बिट किंवा टॅप असेल तर गन पुरत नाही. मग बेअरिंग गेलेल्या पण वाइंडिंग शाबूत असलेल्या टेबलफॅनचा रोटर (मधला फिरणारा भाग) काढून स्टेटरच्या (भोवतीच्या वाइंडिंगवाल्या भागाच्या) पोकळीतून हत्यार न्यायचं. रोटर नसला की वाइंडिंग जास्त करंट ओढतं आणि तापतं. म्हणून १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घ्यायचा, एका वेळी दहा-पंधरा सेकंदच चालू ठेवायचं आणि उघडी जोडणी टेपनं नीट झाकायची. वायरिंगचा हात नसेल तर हे काम मोटार वाइंडिंगवाल्याकडे.

भट्टीत लाल करूनही चुंबक उतरतं. लोखंडाचं ७७० अंशांच्या वर जातंच. पण मग टॅपचं पाणीही, म्हणजे पोलादाचा कडकपणाही, उतरतं, आणि असा टॅप घेऊन करायचं काय?

उतरलं की नाही ते स्टेपलरच्या सुट्या पिनेवर बघावं. टोक टेकवून उचलल्यावर पिन जागची हलली, तर अजून एकदा कॉइलमधून.